फड, कुऱ्हाडबंदी आणि पाणी : खान्देशातील भूमी-पुनरुज्जीवनाची पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांनी 2021 ते 2030 हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी जाहीर केले. त्यामागे पृथ्वी ही माती, पाणी, वनस्पती, जीवाणू आणि हवा यांच्या परस्परसंबंधांवर चालणारी जिवंत व्यवस्था आहे, ही जाणीव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स लव्हलॉक आणि लिन मार्ग्युलिस या शास्त्रज्ञांनी ती वैज्ञानिक चर्चेत आणली. या व्यवस्थेत माणसाने कोणती भूमिका घ्यावी, याची चाचणी मात्र खान्देशात फार आधीपासून चालू आहे.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असा हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. पांझरा, मोसम या नद्यांवर येथील शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वी फड पद्धत उभी केली. नदीवर दगडी बंधारा घालायचा, पाटाने उताराच्या आधारे पाणी न्यायचे आणि लाभक्षेत्राचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडून एका फडात एकच पीक घ्यायचे, अशी तिची रचना होती. प्रत्येकाची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत असे, त्यामुळे पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तूट सर्वांनी मिळून सोसली जाई. पाण्याची पाळी गावाने नेमलेला पाटकरी सांभाळत असे. नदीत किती पाणी आहे ते पाहून पीक ठरवणारी ही शिस्त, माझ्या मते, या प्रदेशाचा सर्वांत मौल्यवान वारसा आहे. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि बरेच फड मोडले.

रानाची कथा अधिक दुःखद आहे. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, तिच्यासाठी लाकूड लागू लागले आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आल्याने कपाशीचा पेरा वाढला. 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांवर सरकारचा ताबा पक्का झाला. ज्या भिल्ल, पावरा, कोकणा समाजांचे जगणे रानावर अवलंबून होते, जे डोंगऱ्या देवाच्या रूपाने डोंगरालाच पूजत आले, त्यांचा रानावरचा हक्क गेला आणि हक्काबरोबर राखणीची जबाबदारीही सुटत गेली. ज्याचे रान त्याच्याच हातून काढून घेतल्यावर ते राखायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर साक्री तालुक्यातील बारीपाड्याने दिले. 1990 च्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या छोट्या आदिवासी पाड्याने बोडक्या झालेल्या डोंगरांवर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू केली, दंड ठरवला आणि राखणदार नेमले. उतारांवर समतल चर खोदले, नाल्यांवर बंधारे घातले. सुमारे साडेचारशे हेक्टर रान पुन्हा उभे राहिले आणि विहिरींना पाणी आले. रोपे लावण्याच्या जोडीने, किंबहुना त्याहूनही अधिक, येथे जुन्या खोडांना आणि मुळांना फुटू देण्यात आले. 2004 पासून तेथे भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेत बाया-माणसे रानातील खाद्य वनस्पतींचे ज्ञान मांडतात. चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून, साखळी बंधारे बांधून भूजल भरण्याचे काम झाले. विहिरींची पातळी वाढली, हे खरे. परंतु उपशाला फडासारखी मर्यादा नसेल, तर भरलेले पाणी केळी आणि उसाच्या क्षेत्रविस्तारात संपण्याचा धोका राहतो.

2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिला आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्यातील गावांनी हा हक्क वापरून आपल्या शिवाराचे नियम स्वतः ठरवणे, हे या दशकातील येथील खरे काम आहे.