प्रतिस्थापन पद्धत आणि करणीचे सरळ रूप

समीकरणातील चलाच्या जागी त्याच किमतीची दुसरी राशी ठेवून चलांची संख्या कमी करण्याच्या बीजगणितातील रीतीला प्रतिस्थापन म्हणतात. दोन एकसामयिक समीकरणांपैकी एक रेषीय आणि दुसरे वर्गीय असेल, तर नुसत्या बेरीज-वजाबाकीने चलाचा लोप सहसा होत नाही. तिथे हीच रीत कामी येते.

उदाहरणार्थ, य = क्ष + २ आणि क्ष² + य² = १४. दुसऱ्या समीकरणात य ऐवजी (क्ष + २) ठेवायचे. हा कंस विसरला की पुढचे सगळे गणित फसते. विस्तार करून २ ने भागल्यावर क्ष² + २क्ष − ५ = ० उरते आणि सूत्राने क्ष = (−२ ± √२४) ÷ २ येते.

√२४ सारख्या अपरिमेय वर्गमुळाला करणी म्हणतात. शब्द जुना आहे: शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदींची भूमिती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांत, चौरसाच्या कर्णाला (बाजू १ असेल तर √२ ला) ‘द्विकरणी’ म्हटले आहे, तर भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ.स. ११५०) करणींच्या बेरीज-गुणाकाराचे स्वतंत्र प्रकरणच आहे. √ हे चिन्ह मात्र १५२५ मध्ये क्रिस्टोफ रुडोल्फ यांच्या जर्मन पुस्तकात छापले गेले.

करणी सरळ रूपात आणताना आतल्या संख्येचा सर्वांत मोठा पूर्णवर्ग अवयव बाहेर काढतात: √२४ = √४ × √६ = २√६. √७२ मधून ९ काढला तर ३√८ मिळते, पण ८ मध्ये अजून ४ दडलेला असतो. ३६ काढला की एका दमात ६√२. ही फोड फक्त गुणाकाराला चालते. √(९ + १६) म्हणजे ५, ३ + ४ नव्हे.

आता (−२ ± २√६) ÷ २ = −१ ± √६. इथे २ ने दोन्ही पदांना भागायचे असते. −१ ± २√६ ही वह्यांमध्ये नेहमी दिसणारी चूक. य = १ ± √६. ताळा पाहताना, धन चिन्ह घेतले तर, (७ − २√६) + (७ + २√६) मध्ये करण्या एकमेकींना छेदून नेमके १४ उरतात.

कधी वर्गमुळालाच नवे चल मानतात. क्ष − √क्ष − ६ = ० मध्ये √क्ष = त धरले की त² − त − ६ = ०, म्हणून त = ३ किंवा −२. वर्गमूळ ऋण नसते, त्यामुळे −२ बाद आणि क्ष = ९. तरीही −२ चा वर्ग करून क्ष = ४ लिहिले, तर मूळ समीकरणाची डावी बाजू शून्याऐवजी −४ येते.