घर हलवता येतं, परसबागेचं काय?

स्वीडनमध्ये कारखाने वाढत होते आणि जुनं खेड्यातलं जगणं मागे पडत होतं, त्या काळात, १८९१ साली, आर्तुर हासेलियस यांनी स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे खुलं संग्रहालय सुरू केलं. देशभरातली जुनी घरं तिथे सुटी करून आणली आणि पुन्हा जोडली. तुळया, फळ्या, दारं यांच्यावर खुणा केल्या की घर हलवता येतं. परसबागेचं तसं होत नाही. झाडं म्हातारी होतात, मरतात, आणि त्यांच्या बियांतून थोडं वेगळंच काही उगवतं. त्यामुळे अशा संग्रहालयात घरांभोवतीच्या बागा नव्याने लावाव्या लागतात आणि दरवर्षी जगवाव्या लागतात.

मग जुन्या बागेत काय होतं, हे कळतं कसं? सगळ्यात विलक्षण पुरावा इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातला आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली तिथल्या बागा गाडल्या गेल्या. मुळं कुजली, पण त्यांच्या जागी मातीत पोकळ्या राहिल्या. तिथल्या बागांचा अभ्यास करणाऱ्या विल्हेल्मिना जशेम्स्की यांनी या पोकळ्या साफ करून त्यांत सिमेंट ओतलं आणि मुळांचे साचे मिळवले. साच्याच्या जाडीवरून, फाट्यांवरून झाड कोणतं असावं याचा अंदाज बांधता आला, आणि झाडांमधलं अंतरही मोजता आलं. इतर ठिकाणी जळून कोळसा झालेल्या बिया आणि परागकण कामाला येतात. परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की हवा न पोचणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं. मात्र किडे-मधमाश्यांवर अवलंबून असलेली झाडं पराग बेताचाच तयार करतात, त्यामुळे फुलझाडांची नोंद चिखलात कमीच सापडते.

आता आपल्याकडे या. समजा ठाण्यात असं संग्रहालय करायचं ठरलं, तर बाग कोणत्या सालातली लावायची? जोर्दानुस हा फ्रान्सिस्कन साधू १३२१ साली ठाण्यात होता. एक फळ पाच माणसांना पुरेल असा फणस त्याने आपल्या वर्णनात नोंदवला आहे. त्याच्या काळातली बाग लावायची तर नारळ, सुपारी, केळ, अळू, हळद, आलं, मोगरा, बकुळ, सोनचाफा हे सगळं चालेल. पण मिरची नको. पेरू, पपई, चिकू, सीताफळ, काजू नको. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा नको, कारण तो मूळचा मेक्सिकोकडचा. देवळापुढचा पांढरा चाफाही अमेरिकेतलाच. ही झाडं पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच्या काळात आली आणि अशी रुजली की ती परकी वाटतच नाहीत. मराठ्यांनी १७३७ साली ठाणं जिंकलं, त्या सालची बाग निवडली तर यांतली बरीच झाडं हक्काने आत येतील.

माझ्या मते साल निवडावं १९७०. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली ते वर्ष. पुढे ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. त्याआधीचं परस आणि शेत ज्यांनी पाहिलं, ती आगरी-कोळी माणसं आज गावठाणांत आहेत. त्यांना विचारता येतं. शिवाय काही झाडंही उभी आहेत.

त्यांतलं सर्वांत मोलाचं झाड रायवळ आंब्याचं. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार होतो. म्हणजे कोयीतून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं. चव, वास, रेषा, लोणच्याला लागणारा आंबटपणा, सगळं त्या एका झाडाचं. रस्ता रुंद करताना ते तोडलं की त्याची कोय लावून तोच आंबा परत मिळत नाही.

भाताची गोष्ट उलटी आहे. भात मुख्यतः स्वपरागीभवनाने तयार होतो, त्यामुळे बी जपलं तर वाण जवळजवळ तसंच राहतं. खाडीकाठच्या खारट जमिनीत काळा राता, भुरा राता यांसारखी वाणं तग धरत. पावसाने वरचा खार धुऊन निघाला की लावणी, आणि भरतीचं पाणी बांधाने रोखायचं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारट जमिनीत तगणाऱ्या भातावर मोठं काम केलं आहे. संग्रहालयात बियांची बरणी ठेवणं सोपं आहे; बांध आणि खाजण, म्हणजे खाडीकाठची खारट जमीन, ठेवणं महत्त्वाचं, कारण खार सोसायची परीक्षा तिथेच होते.

भोपळा, काकडी यांचं बी मात्र लगेच मिसळतं. भोपळ्याचं जुनं वाण शुद्ध ठेवायचं तर दुसऱ्या दिवशी उमलणारी नर आणि मादी फुलं संध्याकाळीच दोऱ्याने बांधायची, सकाळी हाताने पराग लावायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं.

रायवळ वाचवायला आपल्याकडे कोय कलम आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला नुकत्याच रुजलेल्या कोयीचा तांबूस कोंब छाटायचा, त्याला मधोमध उभा काप द्यायचा, जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. काडीवरची पानं आठ-दहा दिवस आधी छाटलेली असली तर तिचे डोळे फुगलेले मिळतात आणि कलम चांगलं लागतं. दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे अशा गावठाणांतल्या जुन्या आंब्यांच्या काड्या घेऊन, प्रत्येक कलमावर गाव, झाडाचं घरातलं नाव आणि सांगणाऱ्याची आठवण लिहून ठेवता येईल. ही कलमं दोन-तीन वर्षं सांभाळायला शाळेचं आवार किंवा महापालिकेच्या उद्यानाचा एक कोपरा पुरतो.