दारूचा कर व्यसनमुक्तीला जातो?
कर्नाटकातल्या निपाणी-खानापूरकडं कट्ट्यावर हमखास ऐकू येतं, "पिऊ दे की, त्याच्याच करावर व्यसनमुक्ती केंद्रं चालतात." तसं काही नाही. दारू जीएसटीबाहेर आहे. तिचं अबकारी शुल्क थेट राज्याच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या एकत्र तिजोरीत पडतं. तिथून पगार, रस्ते, योजना सगळंच भागतं. 2007 मध्ये कर्नाटकानं अरक, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद केला खरा, पण एमएसआयएलची दारू दुकानं सरकारी कंपनीचीच! घटनेचं कलम 47 दारूबंदीसाठी झटायला सांगतं आणि अंदाजपत्रकात अबकारी वसुलीचं उद्दिष्टही ठरतं. करामुळं दारूचा दर वाढला की एकूण पिणं घटतं, हे मान्य. पण अट्टल पिणारा रोजंदारीवाला क्वार्टर सोडत नाही, घरातली भाजी कमी होते. तो बोजा बायकापोरांवर पडतो.