रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल, आणि तरीही दहावीतल्या मुलीच्या पोटात क्लासला निघायच्या वेळी कळा येतात. असं घर सिंहगड रोडला सापडेल, कोथरूडला सापडेल, हडपसरलाही सापडेल. "डॉक्टर म्हणाले ना, काही नाहीये तुला? मग?" आई वैतागून विचारते. आपण नाटक करतोय असं सगळ्यांना वाटतंय, एवढंच मुलीला त्यातून कळतं.

ती नाटक करत नसते. रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यानुसार वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव आहे, आणि अवयवाला इजा झाली नसतानाही तो तसाच येऊ शकतो. माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असंही त्यासोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

हे होतं कसं? मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी एक प्रकारचं फाटक असतं आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडतात किंवा लोटतात. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण मेंदू वेदना वाढवतो आणि कमीही करतो, हा गाभा टिकला. सततची काळजी, अपुरी झोप, 'आता पुन्हा दुखणार' ही धास्ती यांनी वेदना तीव्र होते. आतडी आणि मेंदू यांच्यात तर दोन्ही बाजूंनी अखंड देवाणघेवाण चालू असते. त्यामुळे एरवी जाणवणारही नाही अशी आतड्याची हालचाल अशा मुलांना कळ म्हणून जाणवते. वयात आल्यावर मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा वाढतं.

यात घरच्यांच्या वागण्याचा वाटा किती, हे अमेरिकेतल्या लिन वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. शाळकरी मुलांना पोट टम्म होईपर्यंत पाणी प्यायला दिलं. काहींना कारण न सापडणारी जुनी पोटदुखी होती, काही ठणठणीत होती. मग काही पालकांना सांगितलं, मुलाच्या त्रासाकडे लक्ष द्या, विचारपूस करा. काहींना सांगितलं, विषय दुसरीकडे वळवा. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. या तिसऱ्या गटाच्या तुलनेत, जिथे विचारपूस झाली तिथे मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, जिथे लक्ष वळवलं तिथे निम्म्यावर आल्या. मला सगळ्यात चटका लावून गेली ती पुढची नोंद. लक्ष वळवल्याने बरं वाटलं, असं मुलांनी सांगितलं. दुखणाऱ्या मुलांच्या पालकांना मात्र लक्ष वळवणंच जास्त घातक वाटत होतं.

म्हणून आयांना दोष देऊ नये. पोर कळवळत असताना "दुखतंय का गं अजून?" हे तोंडातून निघणारच. पण तासातासाला तोच प्रश्न ऐकला की मुलीचं लक्षही पोटावरच खिळून राहतं.

आधी शरीराची तपासणी हवीच. वजन घटणं, ताप, शौचातून रक्त, सांधे सुजणं, झोपेतून जागं करणारं दुखणं यांतलं काहीही असेल तर मनाचा विषय काढण्याआधी डॉक्टरांकडे जा. तसं काही नसेल, तर पुन्हापुन्हा सोनोग्राफी करत राहून धास्ती तेवढी वाढते. दुखणं कधी सुरू झालं आणि तेव्हा घरात, वर्गात काय घडत होतं, हे निवांत विचारावं. कोणी चिडवत असेल, मित्रमैत्रीण तुटली असेल, आईबाबांची भांडणं भिंतीपलीकडून ऐकू येत असतील. कधी अभ्यास खरंच झेपत नसतो आणि तसं म्हणायची सोय घरात नसते.

शाळा बुडवून आराम करण्याने आज बरं वाटतं, पण उद्या शाळेत जाणं आणखी अवघड होतं. त्यामुळे पूर्ण बरं वाटायची वाट न बघता, शिक्षकांशी बोलून निदान दोन-तीन तासांपासून शाळा सुरू करावी. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांचा, म्हणजे सीबीटीचा, अशा दुखण्यात चांगला उपयोग होतो. समुपदेशकाकडे जायला घरचे अजून तयार नसतील, तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतूनही.