ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीतील आवाजाचे निदान

इंजिनाची ताकद चारही चाकांकडे नेणाऱ्या भागांतून गैर आवाज येऊ लागला, तर तो नेमका कोणत्या भागाचा हे ठरवण्याची पद्धत. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारे लांब दांडे), त्यांचे क्रॉस (दांड्यांच्या टोकाचे वळते सांधे), दोन डिफरन्शियल (ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे), एक्सल, सीव्ही जॉइंट (एक्सलचे वळते सांधे) आणि चाकांची बेअरिंगे हे भाग तपासात येतात. नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत यांतले निम्मेच भाग असतात. चारही चाकांच्या गाडीत भाग वाढतात, शिवाय ते एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकाचा आवाज शाफ्ट व चासीमधून दुसरीकडे पोचतो. मागच्या डाव्या चाकाचे बेअरिंग गेलेले असते आणि चालकाला आवाज गिअर लिव्हरखालून येतोय असे वाटते. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो, कधी थांबतो आणि कशाबरोबर बदलतो हे आधी पाहायचे असते.

सोलापूर परिसरात अशा गाड्या हौसेच्या जितक्या, तितक्याच कामाच्या आहेत. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी, महिंद्राच्या जीप व बोलेरो, २०१० नंतरची थार, मोठ्या शेतकऱ्यांची व कंत्राटदारांची फॉर्च्युनर, आणि अलीकडे जिम्नी. भीमा आणि सीना काठच्या काळ्या रानात पावसाळ्यात साधी गाडी बांधावरच अडकते. उसाच्या फडातून वाट काढायची तर चारही चाके लागतात. गॅरेजात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चारही भाषा चालतात, पण गिऱ्हाईकाने तोंडाने काढलेली आवाजाची नक्कल सगळ्यांना कळते. ‘घूं घूं’, ‘टक टक’, ‘खट्’ आणि ‘कुईकुई’ यांत फरक करता आला की तपासाची दिशा बरीचशी ठरते. जाणता मिस्त्री गिऱ्हाईकाचे ‘बेअरिंग गेलंय’ हे निदान बाजूला ठेवतो आणि आवाजाची नक्कल मात्र नीट ऐकून घेतो.

पाना हातात घेण्यापूर्वी चाके धुवावीत. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते, उन्हात विटेसारखी वाळते आणि चाकाचा तोल बिघडवते. वेग वाढला की सगळी गाडी थरथरते आणि शाफ्टवर नाहक संशय येतो. त्यानंतर टायर. जाड नक्षीचे ऑफ-रोड टायर मुळातच घुमतात. एका कडेने किंवा खळग्या-खळग्यांनी झिजलेला टायर तर हुबेहूब खराब बेअरिंगसारखा वाजतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच आवाजाची जात बदलली तर तो बहुधा टायरचा. पुढचे टायर मागे लावल्यावर आवाजही मागे गेला, की शंका उरत नाही. सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक जिरवणारे) किंवा त्याऐवजी अनेक चकत्यांचा मल्टी-प्लेट क्लच असलेल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत टायरचा मुद्दा आणखी नाजूक आहे. काही उत्पादक चारही टायरच्या घेरातला फरक सुमारे ६ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगतात. एका टायरची नक्षी दुसऱ्यापेक्षा २ मिलिमीटर जास्त झिजली, तर व्यासात ४ आणि घेरात साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे पंक्चर झाले म्हणून एकच नवा टायर घालणे अशा गाडीला चालत नाही. सरळ रस्त्यावरही हा क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो.

रस्त्यावरच्या चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोलापूरकरांसाठी तुळजापूरचा रस्ता यासाठी सोयीचा: आधी बराच सपाट पट्टा मिळतो आणि पुढे बालाघाटाच्या कडेला घाट लागतो. सपाटीवर एकसारखा वेग धरून ऐकावे. मग रेस द्यावी, मग सोडावी. चढावर गिअरचे दाते एका बाजूने दाबले जातात. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की दुसऱ्या बाजूने. रेस दिल्यावर रडणारा आणि सोडल्यावर गप्प होणारा (किंवा याच्या उलट वागणारा) आवाज क्राऊन-पिनियनकडे (डिफरन्शियलमधले मोठे आणि छोटे दातेरी चाक) बोट दाखवतो. रेस दिली काय, सोडली काय, फक्त वेगाबरोबर चढणारा आवाज टायरचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त. मोकळ्या, सपाट जागी क्षणभर न्यूट्रल करून पाहावे: इंजिनाचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) उतरताच आवाजही उतरला, तर तो इंजिन किंवा क्लचच्या बाजूचा. हे घाटात करू नये.

थोडे गणितही कामी येते. टायरचा घेर २.४ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ७ फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण चारास एक असेल तर प्रोपेलर शाफ्ट २८ फेरे घेतो. क्रॉस खराब असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन धक्के, म्हणजे सेकंदाला ५६. पिनियनला १० दाते असतील तर दात्यांची गाठ सेकंदाला सुमारे २८० वेळा पडते आणि ती कानाला सलग सूर म्हणून ऐकू येते. चाकाचा दोष ठोके दिल्यासारखा, शाफ्टचा थरथरीसारखा आणि गिअरचा सुरासारखा का जाणवतो, ते या आकड्यांवरून उमगते. ताशी १० किलोमीटरने वळताना सेकंदाला एखादा ‘टक’ येत असेल, तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या भागाचाच. त्या वेगाला चाकाचा एक फेरा जवळजवळ एका सेकंदाचा असतो.

असा ‘टक टक’ पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालताना आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट तपासावा. त्याचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, माती आत जाते आणि गोळ्यांच्या खाचा झिजतात. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले की बूट न पाहताही कळते. आतला जॉइंट झिजला तर वळण्यापेक्षा रेस देताना गाडी हादरते. क्रॉसची लक्षणे निराळी. आधी हळू वेगात चिमणीसारखी कुईकुई, पुढे पहिल्या गिअरमधून रिव्हर्समध्ये जाताना ‘खट्’. चाकांना अडण लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने हलवावा. क्रॉसच्या कपाच्या कडेला विटकरी, बारीक भुकटी जमलेली दिसली तर आतल्या सुया (सुईसारखे बारीक रोलर) कोरड्या पडून गंजल्या आहेत. प्ले (ढिलेपणा) हाताला लागत नसला तरी तो क्रॉस गेलाच. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंवर खडूने नव्हे, पंचने खूण करावी. खडू धुताना जातो, शाफ्टची दोन टोके एकमेकांशी चुकीच्या कोनात बसतात आणि क्रॉस नवा असूनही थरथर सुरू होते.

चाकाच्या बेअरिंगची घरघर वळणावर ओळखू येते. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. मोकळ्या रस्त्यावर हलकेच नागमोडी चालवून हे पाहतात. पुढे किंवा मागे ते ठरवायला गाडी उचलून एका हाताने चाक फिरवतात आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवतात. खराब बेअरिंगची कुरकुर कानाला कळण्याआधी स्प्रिंगमधून बोटांना लागते. जुन्या मिस्त्रींची लांब स्क्रू-ड्रायव्हर हाउसिंगला (भागाच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला) टेकवून मूठ कानाशी धरण्याची रीतही खरीच आहे, मात्र फिरत्या शाफ्टजवळ ती धोक्याची. क्लिपने लावायचे छोटे मायक्रोफोन मिळतात. ते चार-सहा ठिकाणी लावून चालत्या गाडीतच तुलना करता येते.

क्राऊन-पिनियन हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत घाईने दोषी ठरवला जाणारा भाग. दोन्ही गिअर जोडीनेच घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एकटा पिनियन बदलणे व्यर्थ. दात्यांमधली मोकळीक अनेक गाड्यांत ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते. ती डायल गेजने मोजतात आणि दात्यांना मार्किंगचा रंग लावून ठसा कुठे पडतो ते बघतात. दुरुस्तीनंतर जन्मलेला आवाज हा तर वेगळाच प्रकार. पिनियनचे ऑइल सील बदलताना नट अंदाजाने आवळला तर आतला दबणारा स्पेसर गरजेपेक्षा जास्त चेपतो, बेअरिंगवर ताण येतो आणि काल गप्प असलेली हाउसिंग आज रडू लागते. तेव्हा आवाज सुरू होण्याआधी शेवटचे काय काम झाले, हा प्रश्न विचारल्याशिवाय हाउसिंग खोलू नये.

काही आवाज दोषच नसतात. हवे तेव्हा फोर बाय फोर जोडायच्या गाडीत सेंटर डिफरन्शियल नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा घेर कापतात. चिखलात टायर घसरून हा फरक जिरतो, कोरड्या डांबरावर मात्र शाफ्ट पिळले जातात, गाडी अडखळते आणि टायर उड्या मारतो. शेतातून बाहेर पडल्यावर लिव्हर टू-व्हीलवर आणायला विसरलेला चालक ‘ट्रान्सफर केस गेला’ म्हणून येतो. थोडे सरळ मागे घेतले की पीळ सुटतो आणि लिव्हर मोकळा होतो. २०२० च्या थारच्या काही प्रकारांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही मागची चाके एकत्र बांधणारे) आहे; एक चाक घसरले की ते धपकन लॉक होते, तो धक्का रचनेचाच भाग. जिप्सीच्या ट्रान्सफर केसची गुणगुण तर मालकांनी केव्हाच मान्य केलेली आहे. उलट, चेन असलेल्या ट्रान्सफर केसमध्ये जोर लावताना ‘कड्कड्’ झाले तर चेन ताणून दातेरी चाकावरून उडी मारते आहे, तिथे थांबावेच. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी पार्किंगमध्ये पूर्ण वळणावर थरथरत असेल तर कपलिंगचे (म्हणजे त्या मल्टी-प्लेट क्लचचे) तेल जुने झालेले असू शकते. ठरलेले तेल बदलून पुन्हा पाहावे.

गाडी उचलून चालवून बघायची असेल तर चारही चाके जमिनीपासून सुटलेली हवीत. एकच बाजू जॅकवर घेऊन गिअर टाकला, तर टेकलेली चाके गाडीला जॅकवरून ढकलून देतात. लिफ्टवर चाके लोंबत ठेवूनही ऐकू नये: सस्पेन्शन पूर्ण खाली सुटल्याने सीव्ही जॉइंट नेहमीपेक्षा तिरके होतात आणि चांगले असूनही वाजतात. एक्सलखाली घोडी (आधाराचे स्टँड) देऊन नेहमीची उंची राखली तरच ऐकलेले खरे.

शेवटी तेल. तेल सोडण्यासाठी काढलेल्या तळाच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप असणे स्वाभाविक आहे. बोटात चुरगळल्यावर टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा स्वाभाविक नाही. पुष्कळ डिफरन्शियलना ८०डब्ल्यू-९० जाडीचे, जीएल-५ दर्जाचे गिअर तेल चालते, पण तेच डोळे झाकून गिअरबॉक्समध्ये ओतू नये. काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोना (गिअर जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही. तेल दुधी निघाले तर पाणी शिरले आहे. लांब पल्ला करून तापलेली हाउसिंग भरल्या ओढ्यात उतरली की आतली हवा एकदम थंड होऊन आक्रसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) बुजलेला किंवा सील कमजोर असेल तर पाणी आत ओढले जाते. आवाज त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी, बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडल्यावर येतो, आणि तोवर ओढ्याची गोष्ट मालक विसरलेला असतो. भिजल्यानंतर दुसऱ्या दिवशी थंड गाडीखाली जाऊन तळाचा प्लग किंचित सैल केला, की तेलाआधी पाण्याचे दोन-चार थेंब येतात का ते दिसते.