न केलेल्या मदतीचा गुन्हा

3 ऑक्टोबर 2016 हा जर्मनीत राष्ट्रीय सुटीचा दिवस होता. एसेन शहरातील एका बँकेच्या एटीएमच्या दालनात 83 वर्षांचे एक गृहस्थ कोसळले. त्यानंतर चार ग्राहक एकामागून एक आत आले. कोणी त्यांना वळसा घालून, तर कोणी चक्क ओलांडून यंत्रापर्यंत पोहोचले, आणि आपापले काम उरकून निघून गेले. रुग्णवाहिका बोलावली ती पाचव्या ग्राहकाने. काही दिवसांनी ते गृहस्थ रुग्णालयात मरण पावले. हे सारे कॅमेऱ्याने टिपले होते. पुढील वर्षीच्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने त्या चौघांपैकी तिघांना 2,400 ते 3,600 युरोंपर्यंत दंड ठोठावला. कोणी बेघर माणूस झोपला असेल असे वाटले, हा त्यांचा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही. वेळीच मदत मिळाली असती तरी ते वाचले नसते, असे वैद्यकीय मत पडले होते. पण त्याने निकाल बदलला नाही, कारण आरोप मृत्यूला कारणीभूत झाल्याचा नव्हता, मदत न केल्याचाच होता.

हीच घटना लंडनमध्ये किंवा पुण्यात घडली असती, तर माणुसकी आटल्याबद्दल अग्रलेख आले असते, त्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या असत्या, पण त्या चार ग्राहकांना लावायला पोलिसांना कलम मिळाले नसते.

देशोदेशींच्या नीतिकल्पनांची चर्चा निघाली की बहुधा खाणेपिणे, पोशाख आणि स्त्रीपुरुषसंबंध यांचीच उदाहरणे दिली जातात. ती रंजक असली तरी फारशी उपयोगाची नसतात, कारण तेथे मुळात कृत्य वाईट आहे की नाही यावरच मतभेद असतो. पडलेल्या माणसाला ओलांडून जाणे वाईट, याविषयी मात्र बर्लिन, लंडन आणि मुंबई यांचे एकमत आहे. तरीही कायदे वेगळे आहेत. म्हणजे फरक चांगल्यावाइटाच्या कल्पनेत नसून, अनीतीचा गुन्हा कोठे करायचा या रेषेत आहे. ती रेषा प्रत्येक देशात कशी आखली गेली, हे पाहण्यासाठी यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

जर्मन दंडसंहितेच्या कलम 323 क मध्ये अपघात, सार्वजनिक धोका किंवा संकटप्रसंगी आवश्यक असलेली आणि स्वतःला मोठा धोका न पत्करता देता येण्याजोगी मदत न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगितला आहे. फ्रान्समध्ये अशाच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि 75,000 युरोंपर्यंत दंड आहे. नेदरलँड्ससह युरोपातील अनेक देशांत असे कलम आहे. इंग्लंडमध्ये ते नाही. अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांतही नाही. व्हरमाँट राज्याने 1967 मध्ये केले, पण त्यातील कमाल दंड 100 डॉलर आहे.

इंग्रजी परंपरेचा युक्तिवाद असा, की कायद्याने माणसाला इतरांना इजा करण्यापासून रोखावे, चांगुलपणाची सक्ती करू नये. आईबापांचे मुलाप्रती, पहारेकऱ्याचे प्रवाशांप्रती किंवा धोका स्वतः निर्माण करणाऱ्याचे त्या धोक्यात सापडलेल्याप्रती कर्तव्य असते. वाटसरूचे वाटसरूप्रती नसते. या विचाराची सर्वांत रेखीव मांडणी आपल्याच कायद्याच्या जन्मकथेत सापडते. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 1837 मध्ये भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा सादर केला. त्यासोबतच्या टिपणांत एक प्रसंग आहे. नदीला पूर आला आहे, पाण्यातून चालत पलीकडे जाणे धोक्याचे आहे, आणि हे ठाऊक असूनही एक जण प्रवाशाला सांगत नाही. प्रवासी बुडतो. न सांगणारा माणूस प्रवाशांना सावध करण्यासाठी सरकारने नेमलेला शिपाई असेल, किंवा पैसे घेऊन बरोबर आलेला वाटाड्या असेल, तर तो खुनी. पण माणुसकीपलीकडे ज्याच्यावर प्रवाशाचा कसलाही हक्क नाही असा तो कोणी असेल, तर तो खुनी नव्हे. त्याच टिपणांत एक शल्यचिकित्सकही येतो. एखादी शस्त्रक्रिया करू शकणारा तो हिंदुस्थानातील एकमेव माणूस असला, आणि ती न झाल्यास रुग्ण मरणार हे निश्चित असले, तरी कलकत्त्याहून मेरठला जाण्यास नकार दिला म्हणून त्याला खुनी ठरवता येणार नाही, असे मेकॉले म्हणतो.

मेकॉलेचा मुद्दा हृदयशून्य नव्हता. श्रीमंताने भिकाऱ्याला किती द्यावे, वैद्याने किती कोस चालावे, हे न्यायाधीश कोणत्या मापाने ठरवणार, ही त्याची अडचण होती. परंतु ज्या इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमच्या विचारांचा त्या मसुद्यावर दाट प्रभाव होता, त्या बेंथमचे मत नेमके उलटे होते. दारूच्या नशेत डबक्यात तोंडावर पडलेल्या माणसाचे डोके जरासे बाजूला केले की तो वाचतो. तेवढेही न करणाऱ्याला शिक्षा का नको, असा त्याचा प्रश्न होता. जर्मन कलमातील ‘मोठा धोका न पत्करता’ ही अट म्हणजे एका अर्थी मेकॉलेच्या अडचणीला दिलेले उत्तर आहे. मेरठला जायला कोणी सांगत नाही, फोन करायला सांगतात. मला हे उत्तर पुरेसे वाटते.

मात्र, युरोपचे कायदे तेथील समाजाच्या अधिक कोमल अंतःकरणातून उगवले, असे समजण्याचे कारण नाही. जर्मनीतील या कर्तव्याला आजचे व्यापक रूप आले ते 1935 मध्ये, नाझी राजवटीत, व्यक्तीपेक्षा राष्ट्रसमूह मोठा या तत्त्वाच्या आधारे. फ्रान्समधील पहिला कायदा ऑक्टोबर 1941 चा, जर्मनधार्जिण्या विशी सरकारचा. जर्मन अधिकाऱ्यांवर हल्ले होत होते, आणि बघ्यांनी गप्प राहू नये हा त्यामागील हेतू होता. मुक्तीनंतर 1945 मध्ये फ्रान्सने तो नव्याने लिहून ठेवून घेतला. जर्मनीनेही कलमातील नाझी भाषा काढली आणि गाभा राखला. कायद्याचे कूळ विचारू नये, हे येथे तरी पटते.

आता लोकांच्या मनाकडे वळू. मानसशास्त्रज्ञ जोन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हैसूर आणि अमेरिकेतील न्यू हेवन येथील मुलांना व प्रौढांना मदत नाकारल्याचे प्रसंग सांगितले. काही प्रसंगांत जिवावर बेतले होते, काहींत गरज किरकोळ होती; मदत मागणारा कधी स्वतःचे मूल, कधी मित्र, तर कधी अनोळखी होता. जीव धोक्यात असेल तेव्हा दोन्ही शहरांत मदत हे कर्तव्यच मानले गेले. गरज लहान होत गेली तसे अमेरिकन उत्तरदाते ‘हा ज्याचा त्याचा प्रश्न’ म्हणू लागले. म्हैसूरच्या लोकांच्या मते मात्र किरकोळ गरजेतही, अगदी अनोळखी माणसालाही, मदत नाकारणे ही कर्तव्यच्युतीच होती.

दोन वर्षांनंतरच्या अभ्यासात प्रश्न अधिक अवघड केला होता. एका माणसाला जिवलग मित्राच्या लग्नाला वेळेत पोहोचायचे आहे, लग्नाच्या अंगठ्या त्याच्याजवळ आहेत, आणि स्टेशनवर त्याचे पाकीट तिकिटासकट चोरीला जाते. अधिकाऱ्यांकडे, प्रवाशांकडे तो उसने पैसे मागतो. कोणी देत नाही. शेजारच्या बाकावर एक सुखवस्तू गृहस्थ क्षणभर कोट ठेवून जातो, आणि कोटाच्या खिशात तिकीट दिसते. ते घ्यावे का? अमेरिकन उत्तरदात्यांचा कल ‘चोरी ती चोरी’ असा होता. भारतीयांपैकी कितीतरी अधिक जणांनी मित्राला दिलेला शब्द वरचढ मानला. यातून भारतीयांना चोरीचे वावडे नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. नात्यातील कर्तव्य ही त्यांच्या दृष्टीने आवडीनिवडीची बाब नव्हती, न्यायाच्याच पातळीवरची गोष्ट होती, एवढाच त्याचा अर्थ. अर्थात म्हैसूर म्हणजे अवघा भारत नव्हे, आणि 1990 नंतर शहरे पुष्कळ बदलली, हेही लक्षात ठेवायला हवे.

येथे एक विसंगती समोर येते. जेथील लोक किरकोळ मदतही कर्तव्य मानतात, त्या देशाचा कायदा ‘माणुसकीपलीकडे हक्क नाही’ या इंग्रजी सूत्रावर उभा आहे. मेकॉलेचा मसुदा 1860 मध्ये कायदा झाला. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी या बाबतीतील गाभा तोच राहिला. अनोळखी माणसाला संकटातून वाचवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य त्यात नाही.

शिवाय, कर्तव्य मानणारे लोक रस्त्यावर थांबतात का, हा प्रश्न उरतोच. अपघातग्रस्ताभोवती गर्दी जमते, पण त्याला उचलून गाडीत घालणारे हात कमी पडतात, हे आपण पाहतो. त्याचे कारण निष्ठुरतेत शोधण्याआधी पुढील फेऱ्याचा विचार करावा: रुग्णालयात नाव-पत्ता आणि अनामत रक्कम, पोलीस ठाण्यात जबाब, नंतर साक्षीसाठी समन्स आणि तारखांवर तारखा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही आपल्याकडची शिकवण जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये डॉक्टरांवर तातडीच्या उपचारांचे बंधन घातले, 2016 मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. त्यानुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही, आणि नियमांनुसार नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. हे हक्क रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावलेले असले पाहिजेत. पुढच्या वेळी रुग्णालयात गेलात तर तो फलक जरूर शोधा.

भीतीचा परिणाम किती खोल होतो, हे चीनने पाहिले. नानजिंगमध्ये 2006 मध्ये पडलेल्या वृद्धेला रुग्णालयात नेणाऱ्या तरुणावर तिनेच दावा लावला. धक्का मारला नसता तर तो तिला रुग्णालयात घेऊन गेलाच नसता, अशा आशयाचा तर्क न्यायालयाने लढवला आणि भरपाईचा वाटा त्याच्यावर टाकला. त्याचा धक्का खरोखरच लागला होता, असे पुढे कित्येक वर्षांनी सांगण्यात आले. तोवर निकालाचा धडा देशभर गिरवून झाला होता. 2011 मध्ये फोशान शहरात गाडीखाली आलेल्या दोन वर्षांच्या मुलीजवळून अठरा जण निघून गेले, तेव्हा तोच निकाल पुन्हा चर्चेत आला. 2017 मध्ये चीननेही मदतकर्त्याला दिवाणी दायित्वातून मुक्त केले.

मग कायद्याने वर्तन बदलते का? 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट लेव्हाइन यांच्या 23 शहरांच्या अभ्यासात पेन पडलेल्या, पाय दुखावलेल्या किंवा अंध व्यक्तीला अनोळखी लोक मदत करतात का, हे तपासले होते. रिओ दि जानेरो पहिले आले, क्वालालंपूर शेवटचे. कायदा नसलेले कोलकाता वरच्या पाचांत होते; कायदा असलेले ॲम्स्टरडॅम बरेच खाली. या मदती किरकोळ होत्या, कलमे जिवावरच्या प्रसंगांसाठी असतात, त्यामुळे तुलना ताणू नये. त्याहून बोलका अभ्यास 2019 चा आहे. ॲम्स्टरडॅम, इंग्लंडमधील लँकेस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथील कॅमेऱ्यांत टिपलेली 219 रस्त्यावरील भांडणे संशोधकांनी तपासली. त्यांपैकी 91 टक्के भांडणांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता, आणि तिन्ही शहरांत याबाबत लक्षणीय फरक नव्हता. नेदरलँड्समध्ये कायदा आहे, इंग्लंडमध्ये नाही, हे त्या चित्रणांवरून कोणाला ओळखता आले नसते.

म्हणून भारतात जर्मनीसारखे शिक्षेचे कलम आणण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. 134 अ चे संरक्षण रस्त्यावरील मोटार अपघातापुरते आहे. तलावात बुडणाऱ्याला वाचवणारा किंवा उन्हाने कोसळलेल्याला सावलीत नेणारा त्यात बसत नाही. ते आधी विस्तारावे. आणि जर्मनीकडून काही घ्यायचेच, तर तेथे वाहनपरवान्यासाठी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि मदत करताना जखमी झालेल्या नागरिकाला सरकारी अपघात विम्याचे छत्र मिळते. या दोन गोष्टींसाठी कोणालाही तुरुंगात पाठवावे लागत नाही.