पाऊस किती पडला आणि किती जोरात पडला

‘काल १०० मिलिमीटर पाऊस झाला’ या वाक्यात अर्धीच माहिती आहे. किती पडला ते कळलं, किती वेळात पडला ते कळलं नाही. पावसाची बेरीज आणि पावसाची तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बातम्यांत आणि गप्पांत त्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. बेरीज मोजतात मिलिमीटरमध्ये आणि तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये. हे ‘ताशी’ गळलं की धरण भरणारा पाऊस आणि रस्ता उखडणारा पाऊस कागदावर सारखेच दिसतात.

बेरीज समजायला सोपी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, म्हणजेच चौरस किलोमीटरला दहा लाख लिटर. पाणलोट क्षेत्र माहीत असलं की आकाशातून एकूण किती पाणी उतरलं याचा हिशेब लगेच मांडता येतो. धरणातल्या पाण्याचं वाटप आणि वर्षाचा जलताळेबंद याच आकड्यावर उभे असतात.

तीव्रतेचा हिशेब मात्र गटाराशी उभं राहून करावा लागतो. समजा, एक हेक्टर काँक्रीटचं आवार आहे, पाणी मुरायला कुठेच वाव नाही आणि पाऊस ताशी ३६ मिलिमीटरच्या वेगाने कोसळतोय. त्या आवारातून सेकंदाला १०० लिटर पाणी बाहेर पडणार. गटाराची क्षमता ७० लिटरची असेल तर उरलेले ३० लिटर दर सेकंदाला रस्त्यावर. हा जोर दहा मिनिटं टिकून थांबला, तर दिवसाची नोंद होते अवघी ६ मिलिमीटर. तक्त्यात ६ या आकड्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि इकडे तळघरात पाणी शिरलेलं असतं.

जमिनीलाही हा फरक चांगला कळतो. चिकण जमिनीत पाणी मुरण्याचा स्थिर वेग ताशी साधारण १ ते ५ मिलिमीटर असतो, रेताड जमिनीत तो ३० च्याही वर जातो. आता चिकण जमिनीवर ६० मिलिमीटर पाऊस दोन दिवस संथपणे झिरपत राहिला, तर ताशी सव्वा मिलिमीटर पडतो आणि बहुतेक पोटात जातो. तोच पाऊस तासाभरात आला, तर सुरुवातीचा थोडा मुरतो (कोरडी जमीन आधी जरा भराभर पिते) आणि बाकीचा ओढ्याला लागतो. बेरीज दोन्हीकडे ६०. ‘यंदा सरासरी गाठली, तरी विहिरी कोरड्या कशा?’ या प्रश्नाचं एक उत्तर इथे सापडतं. पाऊस सरासरीइतका पडला हे खरं, पण तो मुरायला वेळ मिळाला का, हे सरासरी सांगत नाही. चेरापुंजीत ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६ मीटरहून अधिक पाऊस पडला आणि तो आजही जागतिक उच्चांक आहे. त्याच चेरापुंजीत कोरड्या महिन्यांत पाण्याची टंचाई असते, कारण तीव्र उतार आणि पातळ माती यांना एवढं पाणी धरून ठेवता येत नाही.

मातीची धूप तर जवळपास पूर्णपणे जोरावर अवलंबून आहे. जोरदार पावसाचे थेंब मोठे असतात, वेगाने आपटतात, ढेकळं फोडतात आणि सुटी झालेली माती वाहत्या पाण्याच्या हवाली करतात. म्हणूनच धुपीचा अंदाज बांधणाऱ्या विश्मायर आणि स्मिथ यांच्या प्रसिद्ध समीकरणात पावसाची ऊर्जा आणि सर्वाधिक जोराच्या ३० मिनिटांतली तीव्रता यांचा गुणाकार घेतात. वर्षाचा एकूण पाऊस तिथे एकटा पुरत नाही.

मोजण्याच्या बाबतीत गंमत अशी की साधा पर्जन्यमापक फक्त बेरीज सांगतो. सकाळी साठलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा लिहायचा, संपलं. पाऊस रात्रभर रिमझिमला की पहाटे वीस मिनिटं कोसळला, हे त्या पाण्यावर लिहिलेलं नसतं. स्वयंनोंदणीच्या जुन्या यंत्रात ढोलावर गुंडाळलेल्या कागदावर शाईची रेघ उमटते. पाऊस नसेल तेव्हा ती आडवी सरकते, पाऊस असेल तर चढते, आणि १० मिलिमीटर झाले की भांडं आपोआप रिकामं होऊन रेघ सरळ खाली शून्यावर येते. चढ जितका उभा तितका जोर जास्त. पावसाचं इतकं बोलकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. हल्लीच्या यंत्रात दोन कप्प्यांचं छोटं भांडं दर ०.२ मिलिमीटरला कलंडतं. ताशी १२ मिलिमीटर पावसात ते मिनिटाला एकदा कलंडतं, ताशी १२० मध्ये दर सहा सेकंदांना. त्याची खोड अशी की कलंडतानाच्या क्षणी पडणारं पाणी नीट मोजलं जात नाही, त्यामुळे जोर वाढेल तशी नोंद कमी येते. ती दुरुस्त करून घ्यावी लागते.

रडारचं गणित उलटं. ते थेंबांवरून परतलेल्या लहरींवरून त्या क्षणीची तीव्रता अंदाजतं आणि मग वेळेनुसार जोडत बेरीज काढतं. सुरुवातीच्या अंदाजात चूक असेल तर ती बेरजेतही जाते. म्हणून रडारचे आकडे जमिनीवरच्या मापकांशी ताडून घेतात.

ढगफुटी हा शब्द या गोंधळाचा सगळ्यात मोठा बळी. भारतीय हवामान खात्याच्या मोजपट्टीत ढगफुटी म्हणजे साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. हा तीव्रतेचा निकष झाला. त्याच खात्याची अत्यंत मुसळधार पावसाची वर्गवारी २४ तासांत २०४.५ मिलिमीटरपासून सुरू होते, तो बेरजेचा निकष. हा पाऊस दिवसभर एकसारखा विभागला तर ताशी साडेआठ मिलिमीटर होतो. अशा दिवशी मोठ्या नदीला पूर येऊ शकतो, तरी त्याला ढगफुटी म्हणता येत नाही.

मग कुणाला कोणता आकडा हवा? बरंचसं पाणलोटाच्या आकारावर ठरतं. लहान ओढा किंवा शहरातला नाला काही मिनिटांत फुगतो, त्याला तीव्रता बघावी लागते. हजारो चौरस किलोमीटरचं पाणी गोळा करणाऱ्या नदीला एखाद्या तासाचा झोड जाणवतही नाही, तिच्यासाठी दिवसांची बेरीज आणि जमीन आधीच किती भिजलेली आहे हे महत्त्वाचं. अमेरिकेत मिसौरी राज्यातल्या होल्ट इथे २२ जून १९४७ रोजी ४२ मिनिटांत ३०५ मिलिमीटर पाऊस पडला होता. असा मारा नाल्याला तत्काळ कळतो. मोठ्या नदीच्या मानाने तो एका ठिपक्यावरचा पाऊस.

तापमानवाढीने दोन्ही आकड्यांमधलं अंतर वाढतंय. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि अतिजोरदार सरींची तीव्रता साधारण त्याच प्रमाणात वाढते. जगाचा एकूण पाऊस मात्र अंशामागे २ ते ३ टक्केच वाढतो. म्हणजे वार्षिक सरासरीचा आलेख जेमतेम हलत असतानाही पूल, मोऱ्या आणि गटारं जुन्या तीव्रतेवर बेतलेली असतील तर तोकडी पडणार.

अडचण अशी की जुन्या नोंदी बहुतांश २४ तासांच्या आहेत. त्यांना २४ ने भागून तीव्रता काढणं म्हणजे खोटी शांतता विकत घेणं, कारण पाऊस असा समान वाटून पडतच नाही. पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून दिवसाची बेरीज केव्हाही करता येते, उलटा प्रवास होत नाही. त्यामुळे नवीन केंद्र उभारताना महिन्याचा अहवाल लिहून झाला म्हणून कच्च्या नोंदी पुसू नयेत. त्यांना साठवायला जागाही फार लागत नाही.